ऐन विणीत शिकार? अमेरिकेतल्या रानटर्कीचा हिशोब

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात. खवळलेला समुद्र हे एक कारण, माशांची वीण हे दुसरं. विणीच्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, ही समज कोळीवाड्यांत सरकारी आदेश निघायच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणूनच अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला एप्रिलमध्ये एखादा शेजारी ‘उद्या पहाटे टर्कीच्या शिकारीला चाललोय’ असं सांगतो, तेव्हा पहिली शंका हीच येते. एप्रिल म्हणजे तर या पक्ष्याचा विणीचा काळ. आणि अलास्का सोडून बाकी सगळ्या ४९ राज्यांत वसंतातला शिकारीचा हंगाम नेमका याच सुमारास असतो, तोही रीतसर सरकारी परवाना काढून.

शंका रास्त आहे. तिचं उत्तर मिळवायचं तर आधी पक्षी समजून घ्यावा लागतो, बंदूक नंतर.

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरमधल्या मोठ्या सणाला, ताटात येतो तो फार्मवरचा पांढरा, छातीने रुंद टर्की. त्याला धड उडताही येत नाही. रानातला टर्की अंगाने सडसडीत, लांब पायांचा. पिसांवर तांब्या-पितळेची झाक. पळतोही जोरात आणि जिवावर बेतलं तर झपाट्याने उडतोही. रात्री तो जमिनीवर थांबत नाही. उंच झाडावर रातथारा करतो आणि उजाडताना खाली उतरतो. नर साधारण सात ते अकरा किलोचा, मादी त्याच्या निम्म्याने. पूर्वेकडच्या जंगलांत एक पोटजात, फ्लोरिडात वेगळी, टेक्सासच्या बाजूला वेगळी, रॉकी पर्वताकडे आणखी वेगळी. या चारही पोटजाती मारणं ही तिथल्या हौशी शिकाऱ्यांच्या लेखी मोठी कमाई.

हिवाळ्यात नर आणि माद्या वेगवेगळे कळप करून राहतात. मग दिवस मोठा होऊ लागतो. वाढणारा उजेड हाच खरा संकेत. त्याने शरीरातली संप्रेरकं जागी होतात. थंडी-वारा-पावसाने फार तर एखाद्या दिवशीचं आरवणं कमी-जास्त होतं, पण वीण सुरू होते ती उजेडाच्या हिशोबाने. कळप फुटतात आणि नर गॉबल करू लागतात. गॉबल म्हणजे घशातून एका दमात सुटणारी ती गडगडती आरोळी. वारा पडलेला असेल तर ती दीड-एक किलोमीटरवरूनही कानावर येते.

जवळ गेलं की आणखी एक आवाज असतो आणि तो बऱ्याच जणांना ऐकूच येत नाही. पिसारा पूर्ण उघडून, पंखांची टोकं जमिनीवर घासत नर चार पावलं टाकतो, थांबतो. आधी थुंकल्यासारखा एक बारीक ‘फ्ट’ आणि त्याला लागून खोल, घुमणारी घरघर, दूर कुठेतरी ट्रॅक्टर सुरू व्हावा तशी. शिकारी याला ड्रमिंग म्हणतात. ही घरघर ऐकू आली तर पक्षी अगदी जवळ आहे असं समजायचं, मग तो दिसो वा न दिसो.

त्याच्या डोक्यावर पिसं नसतात, नुसती कातडी. ती क्षणात रंग बदलते: लाल, पांढरी, निळी. या रंगबदलाचं एक जुनं वर्णन आपल्या फार जवळचं आहे. १६१२ साली मुकर्रबखान हा मोगल सरदार गोव्याहून काही अजब पशुपक्षी घेऊन जहांगीर बादशहाकडे गेला. त्यात एक टर्की होता. अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो गोव्याला पोहोचला असणार. बादशहाने त्याची नोंद करून ठेवली: माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो, डोकं आणि मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, तर कधी फिरोज्याच्या रंगाची होते. दरबारी चित्रकार मन्सूरकडून त्याने त्याचं चित्रही काढवून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी पाळीव असला तरी बादशहाने जे टिपलं ते नेमकं तेच आहे, जे पाहायला वसंतात शिकारी काळोखात जाऊन बसतात. निरीक्षण म्हणावं तर असं.

आता मूळ प्रश्नाकडे. टर्कीमध्ये जोडपं जमून संसार होत नाही. एक वरचढ नर अनेक माद्यांशी जुगतो. बाकीच्या नरांपैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला काहीच येत नाही. कॅलिफोर्नियातल्या टर्कींचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की भाऊ-भाऊ मिळून पिसारे फुलवतात, पण जुगतो तो त्यांच्यातला वरचढच. बाकीचे नुसते साथीला. आपल्या भावाची पिल्लं जास्त झाली की आपलंही रक्त पुढे गेलं, एवढाच त्यांचा लाभ. वीण झाली की नराचं काम संपलं. घरटं करणं, अंडी घालणं, उबवणं, पिल्लं वाढवणं हे सगळं मादी एकटीच करते.

त्यात तिच्या शरीरात नराचं बीज साठवून ठेवायची सोय असते. एकदा जुगली की पुढे कित्येक आठवडे तिची अंडी फळत राहतात. जमिनीवरच, झुडपाच्या किंवा पडलेल्या फांद्यांच्या आडोशाला, पाचोळ्यात खळगा करून ती रोज साधारण एक अशी दहा-बारा अंडी घालते. अंडी पुरी झाली की मगच खुडूक बसते आणि २८ दिवस उबवते. या काळात ती नराकडे जवळजवळ फिरकत नाही.

इथे शिकारीच्या हंगामाची फट सापडते. नरांच्या गॉबलिंगला वसंतात साधारणपणे दोन भरत्या येतात. पहिली, कळप फुटतात आणि माद्या अजून तयार व्हायच्या असतात तेव्हा. दुसरी, बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात आणि नर एकटे पडून त्यांना हाका मारत हिंडत असतात तेव्हा. मधल्या काळात नराच्या भोवतीच माद्या असल्याने तो फारसं ओरडत नाही. हंगाम दुसऱ्या भरतीच्या आसपास ठेवला तर एका दगडात बरंच साधतं. बहुतेक माद्या जुगून झालेल्या, घरट्यावर बसलेल्या, म्हणजे बंदुकीच्या वाटेतून बाजूला. आणि जे नर मारले जातील त्यांचं काम बऱ्याच अंशी उरकलेलं. मिझुरी राज्यात एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी हंगाम उघडतो तो याच हिशोबाने. दक्षिण फ्लोरिडात उजेड आणि ऊब लवकर, म्हणून तिथे मार्चच्या सुरुवातीलाच. उत्तरेकडच्या राज्यांत मे संपत आला तरी हंगाम चालू असतो.

कायदा मारायची मुभा देतो ती फक्त नराला, किंवा नेमकं सांगायचं तर दाढीवाल्या पक्ष्याला. नराच्या छातीवर केसांच्या जुडग्यासारखी पिसं लोंबतात, तिला दाढी म्हणतात. थोड्या माद्यांनाही दाढी येते. बऱ्याच राज्यांत कायद्याने तीही चालते, पण समजूतदार शिकारी तिला सोडून देतात. वर्षभराच्या नराची दाढी आखूड असते आणि त्याने पिसारा फुलवला की मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब दिसतात. मुरलेल्या नराचा पिसारा सरळ गोल. सकाळच्या धूसर उजेडात, धडधडत्या छातीने, हे एवढं पारखून मग चाप ओढायचा असतो.

शिकारीचं कौशल्य कुठे लागतं, तर निसर्गाची रीत उलटी करण्यात. रानात नर हाक मारतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावं अशी अपेक्षा धरतो. नराच्या दृष्टीने हे जगावेगळं. तो ओरडून उत्तर देतो, पिसारा फुलवतो आणि जागीच उभा राहतो, कारण मादीने यायचं असतं. तासभर असा उभा राहून तो निघूनही जातो. टर्कीची शिकार अवघड का, हे ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं आपोआप कळतं.

हे आवाज काढायची साधनं मोठी मजेशीर आहेत. सगळ्यात सोपी लाकडी पेटी: वर एक मोकळं झाकण, त्याला खडू लावायचा आणि पेटीच्या पातळ कडेवर घासायचं. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन याने १८९७ मध्ये अशा पेटीचं पेटंट घेतलं आणि आजच्या पेट्याही बहुतांशी तशाच असतात. फक्त पावसात खडू भिजला की पेटी मुकी होते. दुसरं साधन पाटीच्या दगडाची गोल चकती. तिच्यावर लाकडी काडी छोट्या वर्तुळात फिरवायची. तिसरं, तोंडात टाळूला चिकटवायची पातळ रबरी पडद्याची चकती. ती साधली की हात मोकळे राहतात, पण नवख्याला पहिले काही दिवस नुसती उबळ येते. सगळ्यात जुनं साधन टर्कीच्याच पंखाच्या हाडांची नळी. मूळ अमेरिकी लोक ती तोंडाने ओढून वाजवत.

या सगळ्यांतून जी बोली काढायची तिच्यात ‘येल्प’ ही मादीची नेहमीची साद, ‘क्लक’ म्हणजे जवळच्या जवळ एक-दोन टोचके बोल, ‘पर’ म्हणजे चरताना चाललेली समाधानी गुरगुर. आणि एक ‘पट’, तो धोक्याचा इशारा. चुकून तो वाजला तर सामान आवरून घरी जावं. नवखे शिकारी फार बोलतात. अनुभवी एकदा साद घालतो, नराने उत्तर दिलं की गप्प बसतो. आता शोधायची पाळी त्याची.

आवाजाने पाखरू जवळ आणण्याची ही विद्या आपल्याकडेही होती. पारधी लोक तितर आणि लावे धरताना पाळीव तितर ओरडायला लावत, नाहीतर स्वतः हुबेहूब आवाज काढत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ती विद्या गुन्ह्यात जमा झाली, आणि त्या माणसांना दुसरं काय द्यायचं याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. असो.

प्रत्यक्ष सकाळ अशी जाते. आदल्या संध्याकाळी पक्षी कुठल्या झाडांवर चढले ते पाहून ठेवायचं. त्यासाठी घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढतात. मोठा आवाज कानावर पडला की नराला राहवत नाही, तो झाडावरूनच गॉबल ठोकतो आणि आपली जागा सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी अंधारात त्या झाडापासून शे-दीडशे मीटरवर, एखाद्या रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं. समोर हवी तर प्लास्टिकची नकली मादी रोवायची. उजाडताना दबक्या आवाजात एक-दोन बोल. मग पक्षी खाली उतरतात. बहुतेकदा नर खऱ्या मादीच्या मागे निघून जातो. अशा वेळी नऊ-दहापर्यंत धीर धरणाऱ्याला फळ मिळण्याचा संभव जास्त असतो. अंडी घालणाऱ्या माद्या तोवर नराला सोडून घरट्याकडे जातात आणि एकटा पडलेला नर सकाळी ऐकलेल्या आवाजाची चौकशी करायला येतो.

या पक्ष्याचं नाक यथातथाच, पण डोळे जबरदस्त. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवताही त्याला बराच परिसर दिसतो आणि रंगही उत्तम कळतात. हरणाच्या शिकारीत सुरक्षिततेसाठी भडक नारिंगी जाकीट घालतात, कारण हरणाला तो रंग नीट उमगत नाही. टर्कीपुढे ते चालत नाही. म्हणून शिकारी डोक्यापासून हातापर्यंत पानाफांद्यांच्या नक्षीचे कपडे चढवतो, तोंडालाही जाळी.

आणि धोका नेमका इथेच आहे. जंगलात एक माणूस पूर्ण लपून मादीचा आवाज काढतोय आणि तोच आवाज ऐकून दुसरा बंदूकवाला दबक्या पावलांनी त्याच्याकडे येतोय. म्हणून काही नियम डोक्यात कोरून घेतलेले असतात. अंगावर लाल, पांढरा, निळा रंग कुठेही दिसता कामा नये, अगदी मोज्याचा किंवा रुमालाचाही. नराच्या डोक्याचे ते रंग. खांद्यांपेक्षा रुंद झाडाला टेकूनच बसायचं, म्हणजे पाठीमागून गोळी लागत नाही. गॉबल ऐकून त्याच्यावर लपतछपत चाल करायची नाही. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, जोरात बोलायचं. अलीकडे टर्कीच्या पिसाऱ्याआड लपून रांगत नरावर चाल करायची टूम निघाली आहे. नर चिडून धावत येतो आणि व्हिडिओ झकास होतो. माझ्या मते हा शुद्ध आत्मघातकीपणा आहे. काही राज्यांनी सरकारी जमिनीवर त्याला बंदीच घातली, ते बरं केलं.

बंदुकीबद्दल थोडक्यात. बहुतेक राज्यांत रायफल चालत नाही, छऱ्यांची बंदूक लागते, बारा किंवा वीस बोअरची. नेम अंगावर नसतो, डोकं आणि मान यांवर असतो, कारण घट्ट पिसांच्या जाड छातीवर छरे पक्ष्याला नुसते जखमी करतात. नळीच्या तोंडाशी ‘चोक’ बसवून छऱ्यांचा फवारा आवळतात. अंतर चाळीस यार्डांच्या, म्हणजे साधारण ३६ मीटरच्या आत. पिसारा फुलवलेल्या नराची मान आखडलेली असते. म्हणून एक ‘क्लक’ काढून त्याला मान वर करायला लावतात, मग चाप.

पक्षी पडला की लगेच परवान्याचा टॅग त्याला लावायचा आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवायचं. बहुतेक ठिकाणी हे आता फोनवरून होतं. एका हंगामात किती मारायचे यावर बंधन असतं, बहुधा एक ते तीन. छातीचं मांस लुसलुशीत पण चरबी जवळजवळ नाही, म्हणून जरा जास्त शिजलं की चोथा. पाय भलतेच चिवट. रटरटवून, मंद आचेवर दोन-तीन तास शिजवले तर उत्तम रस्सा होतो. फेकून देणारे नतद्रष्ट बरेच आहेत.

आता जरा मागे जाऊ, कारण हा हंगाम मुळात भरतो कसा, तेही कळायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी जवळपास संपला होता. जंगलं तोडून शेती झाली आणि बाजारात विकण्यासाठी बारा महिने बेसुमार शिकार होत राहिली. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा रानटर्की १८५१ मध्ये गेला असं मानतात. पुढे सरकारी खात्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले हजारो टर्की रानात सोडून पाहिले आणि ते पटापट मेले. आईच्या मागे हिंडून काय खावं, कुणाला भ्यावं, रात्री कुठे चढून बसावं हे ते शिकलेच नव्हते. रानातला पक्षीच धरून दुसऱ्या रानात सोडायला हवा होता, पण त्या डोळ्यांना चकवून धरणार कोण?

उत्तर दक्षिण कॅरोलिनात १९५१ च्या सुमाराला सापडलं. बदकं-हंस धरण्यासाठी निघालेलं तोफेचं जाळं तिथे टर्कीवर वापरलं गेलं. मका टाकून पक्षी जमवायचे, बाजूला घडी करून ठेवलेलं जाळं छोट्या तोफांच्या बाराने क्षणात त्यांच्यावरून फेकायचं. मग पेटीत घालून ट्रकने दुसऱ्या राज्यात. राज्याराज्यांत अदलाबदलीही चालली: मिझुरीने केंटकीला टर्की दिले आणि बदल्यात पाणमांजरं घेतली. मॅसॅच्युसेट्सने १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कमधून ३७ पक्षी आणून पश्चिमेच्या डोंगरात सोडले. आज तिथे तीस हजारांवर टर्की आहेत. बॉस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्यांना रस्ता अडवताना, चकचकीत गाडीच्या दारात आपलंच प्रतिबिंब बघून त्याच्याशी भांडताना पाहिलंच असेल.

पैसा आला कुठून? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर उत्पादनाच्या पातळीवर कर बसतो, रायफल-बंदुकांवर ११ टक्के. तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो, आणि राज्यं त्यात परवान्यांच्या फीचे पैसे घालतात. मिझुरीत १९६० साली तीन दिवसांचा पहिला आधुनिक हंगाम झाला तेव्हा ९४ पक्षी मारले गेले. २००४ च्या वसंतात त्याच राज्यात हा आकडा साठ हजारांवर होता. देशभरात १९७३ मध्ये अंदाजे १३ लाख टर्की होते, आज साठ लाखांच्या आसपास आहेत. ही व्यवस्था आपल्याकडे आणावी असं मला मुळीच म्हणायचं नाही. दर चौरस किलोमीटरला आपल्याकडे किती माणसं, तिथे किती, याचा हिशोब केला की तो विचार तिथेच थांबतो. पण शिकारी आणि संरक्षक ही तिथे कित्येकदा एकच व्यक्ती असते, हे समजून न घेता त्या देशावर मत देणंही बरं नाही.

अलीकडे मात्र या सगळ्या हिशोबालाच प्रश्न विचारले जात आहेत. आग्नेयेकडच्या राज्यांत टर्की कमी होताहेत आणि दर मादीमागे जगणाऱ्या पिल्लांची संख्या घसरली आहे. जॉर्जिया विद्यापीठातले मायकेल चेंबरलेन आणि त्यांच्यासारख्या संशोधकांची शंका अशी: हंगाम फार लवकर उघडला तर वरचढ नर माद्या जुगायच्या आधीच मारले जातात, उरलेल्यांत नव्याने मानपान ठरेपर्यंत वेळ जातो आणि वीण विस्कटते. जॉर्जियाने २०२२ पासून हंगाम एक एप्रिलच्या आसपासपर्यंत पुढे ढकलला आणि मर्यादा तीनवरून दोनवर आणली. टेनेसीनेही २०२३ मध्ये असंच केलं. पण त्याच टेनेसीत काही काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, हंगाम दोन आठवडे उशिरा उघडून संशोधकांनी घरटी आणि पिल्लं मोजली, तर फारसा फरक आढळला नाही.

तारखेवरून असं भांडण चालू असताना घरट्यांचं काय होतं, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. बहुसंख्य घरटी रॅकून, स्कंक, साप असले प्राणी उद्ध्वस्त करतात. जी पिल्लं निघतात त्यांतलीही बरीचशी पहिल्या दोन आठवड्यांत, झाडावर उडून बसता येण्याआधी मरतात. त्यांना त्या दिवसांत लागतं ते किडे-टोळांनी भरलेलं, पायांत फार न गुंतणारं गवत आणि जवळ लपायला झुडूप. दाट वाढलेल्या पाइनच्या जंगलात हे मिळत नाही, म्हणून वनखातं आणि जमीनमालक दर दोन-तीन वर्षांनी जंगलाच्या तुकड्यांना जाणूनबुजून, राखून आग लावतात. ती हिवाळ्यात लावायची, की एप्रिल-मेमध्ये काही घरटी जळण्याचा धोका पत्करून, यावर मात्र अजून एकमत नाही.